हँडल फिरतं, चाक फिरत नाही

दोन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण एक पंचमांश असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे लहान मूल वरून जड असतं, आणि वरून जड असलेलं काहीही दोन चाकांवर ठेवलं की ते आडवं होतं, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. म्हणून माणसाने तिसरं चाक लावलं. प्रश्न तिथेच सुटला होता. प्रमाणात लहान डोक्याच्या मोठ्या माणसांनी यापुढे डोकं चालवायचं खरं तर काही कारण नव्हतं.

आमची नात अडीच वर्षांची झाली. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत तिच्या बरोबरीची सगळी पोरं चाकांवर आली होती, ही एकटीच अजून पायांवर होती. सूनबाई जेवताना म्हणाली, "आई, हिला आता तिचाकी घेऊ या." ज्या घरातले पुरुष दिवसा बाहेर असतात, त्या घरात यावर कुणीतरी "बरं" म्हणतं, संध्याकाळी सायकल येते आणि विषय मिटतो. आमच्याकडचे एक पुरुष कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत आणि दुसरे घरून काम करतात. दोघांनीही एकदमच आमटीतून मान वर काढली.

लेकाने त्याच रात्री एक्सेलची फाइल उघडली. उभ्या रकान्यांत सायकली, आडव्या रकान्यांत गुण. चौकट कशाची, चाकाचा व्यास किती, वजन किती, किती किलो पेलते, छत आहे का, पट्टा आहे का, मागे टोपली आहे का, दिवे लागतात का, गाणी वाजतात का, परत करायची मुदत किती. किंमत दीड-दोन हजारांपासून सुरू होऊन अशा ठिकाणी जाऊन पोचली होती की तेवढ्यात आम्ही लग्नानंतर पहिला फ्रिज, गॅसची शेगडी आणि कपाट असं सगळं घेतलं होतं.

त्या महागड्या सायकलींची गंमत लेकाने मला समजावून सांगितली. त्यांना 'फाइव्ह-इन-वन' म्हणतात. मूल दहा महिन्यांचं असताना ती बाबागाडी असते. वर छत, पोटावर पट्टा, भोवती कठडा, पाय ठेवायला फळी, आणि मागे आईबाबांना ढकलायला लांब दांडा. मूल थोडं मोठं झालं की फळी काढायची. आणखी मोठं झालं की छत काढायचं. मग कठडा, मग पट्टा. सर्वांत शेवटी दांडा काढायचा. की झाली तिचाकी तयार.

"म्हणजे सगळं काढून टाकल्यावर जे उरतं, तेच आपल्याला हवंय ना?" मी विचारलं.

"हो."

"आणि जास्तीचे पैसे काढून टाकायच्या वस्तूंचे?"

लेकाने फाइल सेव्ह केली.

ह्यांचा मात्र पक्ष ठरलेला होता. सायकल लोखंडीच हवी. ह्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. अख्ख्या मजल्यावर एकच तिचाकी होती आणि ती ह्यांची नव्हती. लोखंडी नळीची चौकट, भरीव रबरी टायर, लाल रेक्झिनची सीट, मागे पाठ टेकायला पत्रा, आणि मागच्या दोन चाकांमधल्या दांडीवर आणखी एक पोर उभं राहील एवढी जागा. गॅलरीच्या एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला संडास. ह्यांचं लहानपणीचं सगळं पर्यटन या दोन ठिकाणांच्या मध्ये झालं. त्यातही एक चक्कर मारायची असेल तर मालकाला आधी दोन चकरा ढकलून द्याव्या लागायच्या. त्या सायकलवर मजल्यावरची तीन पिढ्यांतली पोरं बसली. ती गंजली, वाकली, तिचा रंग गेला, घंटी गेली, पण ती मोडली नाही. हे सगळं सांगताना ह्यांचा आवाज जरा घोगरा होतो. त्यावरून मला कळलं की सायकल नातीसाठी घेतली जाणार असली, तरी नंबर ह्यांचा लागलेला आहे.

विहीणबाई सावंतवाडीच्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळी चर्चा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तीन चाकांचीच व्हयी ना? मगे आमचो पांगुळगाडो काय वायट आसा?" सावंतवाडीला लाकडी खेळणी होतात, त्यामुळे हा माहेरच्या मालाचा पुरस्कार होता. पांगुळगाड्यालाही तीन चाकं असतात, आडवी दांडी धरून मूल उभं राहतं आणि ढकलत ढकलत चालायला शिकतं. फक्त आमची नात चालणं शिकून, पळणं शिकून आता सोफ्यावरून उडी मारायच्या इयत्तेत होती. पण विहीणबाईंना नाही कोण म्हणणार? लेकाने फाइलमध्ये आणखी एक ओळ घातली. धातू : लाकूड.

दुसऱ्या दिवशी लेकाने नवीनच फाटा फोडला. "बाबा, बाहेर आता तिचाकी घेतच नाहीत. बॅलन्स बाइक घेतात. दोन चाकं, पेडल नाही. मूल पायाने जमीन ढकलत जातं आणि तोल आपोआप शिकतं. लेटेस्ट आहे."

ह्यांनी चष्मा काढला. हे चष्मा काढतात तेव्हा घरात इतिहास येतो. "लेटेस्ट? १२ जून १८१७ रोजी जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन द्राइस नावाच्या माणसाने हीच गाडी रस्त्यावर आणली. लाकडी. दोन चाकं, पेडल नाही, पायाने जमीन ढकलायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे खडकीची लढाई झाली. म्हणजे तुझी लेटेस्ट गाडी दुसऱ्या बाजीरावाच्या वेळची आहे."

"बाजीरावांच्या हाती लागली असती तर उपयोगच झाला असता," मी म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"पेडल आलं १८६०च्या दशकात, पॅरिसला," हे पुढे सरकले. "थेट पुढच्या चाकाला. पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. जास्त पळायचं तर चाकच मोठं करायचं. म्हणून ती माणसाच्या छातीएवढ्या चाकाची उंच सायकल आली आणि लोक तिच्यावरून तोंडावर पडायला लागले. शेवटी १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने साखळीने मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' काढली. मोठ्यांची सुटका झाली. पोरांची तिचाकी मात्र तिथेच राहिली. आजही पेडल पुढच्याच चाकाला. दहा इंची चाक धर. एका फेऱ्याला सुमारे ८० सेंटीमीटर. एक किलोमीटर जायला किती फेरे?"

लेकाने फाइलकडे हात नेला. "साडेबाराशे," ह्यांनी तोंडी सांगितलं. टूलरूममध्ये तोंडी हिशेबाला मान असे.

सूनबाई बँकेत आहे. तिला साल नको असतं, कलम हवं असतं. "बाबा, हिला ब्रेक असतो का?"

"लागतच नाही. पेडल चाकालाच जोडलेलं. पाय थांबला की चाक थांबलं, चाक थांबलं की गाडी थांबली."

"आणि पाय थांबवलाच नाही तर?"

१८१७ ते १८८५ या काळात या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही.

मग सूनबाईने आपली अट टेबलावर ठेवली. आयएसआयचा शिक्का हवा. १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी या शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत. रंगात शिसं किती, कडा बोचतात का, सुटून तोंडात जाईल असा तुकडा आहे का, हे सगळं तपासून तो शिक्का मिळतो. तिचाकी त्यातच येते, कारण सरकारदप्तरी ती खेळणं आहे. जीएसटीच्या यादीतही तिचाकी, पायाने ढकलायची स्कूटर आणि पेडलची मोटार अशी सगळी मंडळी खेळण्यांच्या ओळीत एकत्र बसलेली आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

कर कमी झाल्याचा आनंद ह्यांना झाला नाही. "खेळणं?" ते म्हणाले. "ज्याला हँडल आहे, पेडल आहे, बैठक आहे, ते वाहन नाही?"

"वाहन असतं तर आरटीओत जावं लागलं असतं," लेक म्हणाला. "लायसन्स, पीयूसी, हेल्मेट."

हेल्मेट या शब्दावर सूनबाईने वहीत काहीतरी टिपलं.

हे चालू असतानाच नातीला सर्दी झाली आणि आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. सर्दीबद्दल कुणी बोलेना. लेकाने सरळ विचारलं, "डॉक्टर, अडीच वर्षांची आहे, पेडल मारायला हवं का?" बाहेर बसलेल्या दोन आयांनी आपापल्या मुलांच्या पायांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, तिचाकी चालवणं हे पुस्तकात तीन वर्षांच्या समोर लिहिलेलं असतं. थोडं अलीकडे, थोडं पलीकडे. पेडल मारणं म्हणजे एक पाय दाबायचा, त्याच वेळी दुसरा सोडायचा, आणि हात तिसरंच काम करत असतात. हे मेंदूला जमलं की पायांना जमतं. तोवर बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढी बुटकी गाडी घ्या, आणि ढकलू दे तिला पायांनी.

एका वाक्यात सगळं आलं होतं. घरी येताना मला वाटलं, आता फाइल मिटेल. लेकाने रिक्षातच मोबाइलवर नवीन रकाना काढला. पाय टेकतात का? हो / नाही.

ह्यांनी तेवढ्यात रिक्षाकडे बोट दाखवून व्याख्यान सुरू केलं. पुढे एक चाक, मागे दोन. तिचाकीचीच मांडणी. तीन चाकांचा त्रिकोण होतो, वजन त्याच्या आत आणि खाली राहिलं तर गाडी उलटत नाही. मागची चाकं जितकी लांब लांब, बैठक जितकी खाली, तितकी गाडी स्थिर. वेगात एकदम वळलं तर मात्र बाहेरच्या बाजूला कलंडते. याचं प्रात्यक्षिक रिक्षावाल्याने पुढच्याच वळणावर विनामूल्य दिलं.

ऑनलाइन सायकल मागवायला ह्यांचा विरोध होता. "हात लावल्याशिवाय लोखंड घ्यायचं नसतं." म्हणून एका शनिवारी सहकुटुंब क्रॉफर्ड मार्केटला जायचं ठरलं. मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत खेळण्यांची दुकानं आहेत. तिथे मोकळी जागा फक्त वर असते, म्हणून सायकली छताच्या आकड्यांना टांगलेल्या असतात. गिऱ्हाईक मान वर करून चाकांची पोटं बघतं आणि दुकानदार काठीने आकड्यावरून एकेक सायकल उतरवतो.

दुकानदाराने आम्हा पाच जणांकडे एकदा पाहिलं आणि पैसे कोण देणार, निर्णय कोण घेणार हे मनाशी ठरवून माझ्याशी बोलायला सुरुवात केली. "काकी, हे बगा. ह्यात म्युझिक पन हाय." त्याने बटण दाबलं. घोडा खिंकाळला, पोलिसांची गाडी आली, आणि त्या गोंधळात कुठून तरी एक इंग्रजी बडबडगीत निघून गेलं. ह्यांनी दोन बोटांनी बॅटरीचं झाकण उघडून आवाज बंद केला.

मग दोघे बापलेक कामाला लागले. ह्यांनी खिशातून व्हर्नियर काढला. होय, खिशातून. नळीची जाडी मोजली, मागच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं, वेल्डिंगवरून नख फिरवलं. लेक फाइल बघून आकडे सांगत होता. या दोघांना बघून बाकीची गिऱ्हाइकं थांबली. एकाने ह्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही आयएसआयवाले का?" दुकानदाराने तेव्हा पहिल्यांदा आम्हाला बसायला स्टूल दिलं.

खऱ्या उपयोगाची माहिती त्या गर्दीत सूनबाईने गोळा केली. तिने नातीला एकेका सायकलवर नुसतं बसवलं. पाय जमिनीला टेकतात का, हँडल वळवलं की गुडघ्याला लागतं का, पेडलवरून पाऊल घसरतं का. कडक प्लास्टिकची चाकं फरशीवर खडखडतात, मऊ फोमची कमी वाजतात. हलकी सायकल आईला जिना चढवता येते, पण पोर वाकलं की तीही वाकते. सगळं दहा मिनिटांत झालं. व्हर्नियर अजून दुसऱ्याच सायकलवर होता.

आणि मग दुकानदाराने दांड्याची सायकल काढली.

"काकी, ही बगा, सगळ्यात जास्ती खपते. मागे दांडा. आता बगा गंमत." त्याने सीटखालची एक पिन ओढली. "आता बेबी हँडल फिरवल, पन चाक नाय फिरनार. चाक फिरवनार मम्मी, मागून. बेबीला वाटते बेबी चालवते. खरा तर मम्मी चालवते. बेबी पन खुश, मम्मी पन खुश."

लेकाचे डोळे चमकले. हा रकाना त्याच्या फाइलमध्ये नव्हता. ह्यांनी खाली बसून हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. पुढचं चाक सरळच. पुन्हा फिरवलं. चाक ढिम्म.

"हँडल फिरतं, चाक फिरत नाही!" हे उभे राहिले. "ही शुद्ध फसवणूक आहे! माणसाच्या हातात हँडल द्यायचं आणि—"

मी काही बोलले नाही. ही व्यवस्था आमच्या घरात लग्नापासून आहे. ह्यांना अजून पिन सापडलेली नाही, एवढंच.

"अंकल, सेफ्टी हाय ना," दुकानदार म्हणाला. आणि तो चुकीचं बोलत नव्हता. रस्ता ओलांडताना अडीच वर्षांच्या हातात दिशा देता येत नाही. पेडलंही चाकापासून सोडवायची सोय त्या सायकलला होती, नाहीतर आपण ढकलताना ती गरागरा फिरून पोराच्या पोटऱ्यांवर आदळतात. "अडीच वर्षांच्या पोरीच्या गाडीला क्लच!" हे पुटपुटले. पण या वेळी आवाजात थोडा आदर होता.

जिच्यासाठी हे चाललं होतं ती एवढा वेळ कुठे होती? दुकानाच्या पायरीजवळ. तिने एक उतरवलेली सायकल उलटी पाडली होती, चाकं वर, आणि पेडल हाताने गरागरा फिरवत ती उसाचा रस काढत होती. बर्फ घातला, आलं घातलं, लिंबू पिळलं, आणि रस सगळ्यांना वाटला. दुकानदाराने दोन घोट घेऊन "अच्छा हाय" म्हटलं. हे तिच्याशेजारी उकिडवे बसले, फिरत्या चाकाला कान लावला आणि म्हणाले, "बुश चांगलं आहे. हीच घ्या." योगायोगाने ती दांडेवालीच होती. चौकट लोखंडी, शिक्का आयएसआयचा, दांडा निघणारा. घरातल्या प्रत्येकाची एकेक अट पूर्ण झाली. लोकशाहीत याहून जास्त मिळत नाही.

दुकानदाराने २,८०० सांगितले, मी १,८०० म्हटलं, आणि आम्ही दोघंही ज्या आकड्यावर जाणार हे आधीपासून ठाऊक होतं, त्या २,३०० वर भेटलो. "दांडा नको असेल तर किती कमी?" मी विचारून पाहिलं. "काकी, दांड्यासाठीच लोक घेतात. सायकल तर फ्री हाय समजा."

परतीला दुपारची फास्ट लोकल होती. पुरुष पुरुषांच्या डब्यात चढले. सायकल, नात, सूनबाई आणि मी लेडीज डब्यात. दाराजवळच्या मोकळ्या जागेत सायकल उभी केली आणि गाडी सुटायच्या आत चौकशी सुरू झाली. केवढ्याला पडली? कुठून घेतली? आमच्या इथे स्टेशनबाहेर यापेक्षा स्वस्त मिळते. एक बाई म्हणाल्या, माझ्या मुलाने अशीच सायकल देवघरावर घातली होती. दुसऱ्या म्हणाल्या, दांडा बरा आहे, कंबर वाकवायला नको. मटार सोलणाऱ्या तिसऱ्या बाईंनी सायकलच्या टोपलीत हात घालून पाहिला आणि शेंगा तिच्यातच टाकायला सुरुवात केली. भायखळ्याला कानातली विकणारी बाई चढली. तिने डब्यावर नजर टाकली, आपला कानातल्यांचा फलक आमच्या दांड्याला अडकवला आणि दोन्ही हात मोकळे करून घाटकोपरपर्यंत झकास धंदा केला. उतरताना तिने नातीला एक क्लिप दिली. जागेचं भाडं.

दसऱ्याला ह्यांनी सायकल पुसून, तेल देऊन गाड्यांच्या रांगेत उभी केली. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. सरकार काहीही म्हणो, आमच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी ती वाहन झाली. नातीने लिंबावरून गाडी नेली आणि मागे वळून लिंबू उचललं. रसासाठी.

आणि मग दांड्याचं राज्य सुरू झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्या सायकली निघतात आणि त्या खरं तर मोठी माणसंच चालवत असतात. कानाला मोबाइल, हातात दांडा. पुढे बसलेली पोरं हँडल जीव तोडून डावीकडे फिरवतात आणि गाडी शांतपणे उजवीकडे जाते. एका काकांनी तर दांडा धरूनच बाजारातून भाजी आणली, पोराच्या मांडीवर मेथी. खाली सोसायटीची पाटी आहे : 'पार्किंगमध्ये लहान मुलांनी सायकल चालवू नये.' तिचं उल्लंघन करण्याची संधीच एकाही मुलाला मिळत नव्हती.

आमच्या घरात तर दांड्यासाठी पाळ्या लागल्या. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून मला हवा. लेकाला मीटिंग ऐकत फिरता येतं, म्हणून त्याला हवा. हे 'फसवणूक' म्हणत म्हणतच दांडा हातात घ्यायचे आणि मग सोडायचे नाहीत. लालबागच्या गॅलरीत दोन चकरा ढकलल्यावर एक चक्कर बसायला मिळायची. इथे नुसतं ढकलायचं होतं, पण हातात दिशा होती, ही बढतीच म्हणायची.

नातीच्या एक दिवस ते लक्षात आलं. मांजर डावीकडे बसलं होतं. तिने हँडल डावीकडे फिरवलं. गाडी सरळ गेली, कारण ह्यांचं लक्ष शेजारच्या देशपांड्यांच्या नव्या मोटारीकडे होतं. तिने पुन्हा पूर्ण ताकदीने फिरवलं. गाडी सरळ. ती उतरली. पुढे जाऊन चाकाकडे पाहिलं, हँडलकडे पाहिलं, मग दांड्यावरून नजर सरकवत सरकवत आजोबांच्या हातापर्यंत पोचली. पुढची तपासणी अर्ध्या मिनिटात संपली. ती मागे आली, आजोबांचा हात दांड्यावरून काढला, आणि सीटकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही बशा."

त्या दिवसापासून ती सीटवर बसेना. दांडा तिच्या डोक्याच्याही वर जायचा, पण ती हात उंच करून त्याला लोंबकळायची आणि गाडी ढकलायची. सीटवर कधी बाहुली, कधी माझी पर्स, कधी वॉचमनची काठी. अडीच वर्षांच्या अकलेने तिने नेमकं ओळखलं होतं की बसलेला माणूस गाडी चालवत नसतो.

लेक म्हणाला, सवय होईल. सूनबाई म्हणाली, डॉक्टरांना विचारू. हे काहीच बोलले नाहीत. रात्री पान्हा घेऊन खाली गेले आणि दांडा काढून वर आले. पिन जागेवर बसवली, पेडलं पुन्हा चाकाला जोडली.

सकाळी नात सीटवर बसली. हँडल डावीकडे फिरवलं. चाक डावीकडे वळलं. तिने उजवीकडे फिरवून खात्री केली. मग पाय जमिनीला टेकवून, ढकलत ढकलत ती थेट देशपांड्यांच्या मोटारीवर जाऊन आदळली. मोटारीला काही झालं नाही. तिलाही झालं नाही. वेगच तेवढा नव्हता, गाडी बुटकी होती, चाकं तीन होती. पाच माणसं, एक फाइल, एक व्हर्नियर आणि केंद्र सरकारचा एक शिक्का यांनी जी सुरक्षितता शोधली, ती मूळ यंत्रातच होती. बाकीचं सगळं आमच्या जिवाच्या समाधानासाठी जोडलेलं होतं, आणि ते पान्ह्याने निघत होतं.

पेडलही जमलं, आणि तेही आम्ही कुणी शिकवत नसताना. आम्ही चौघं देशपांड्यांची समजूत काढत होतो, तेवढ्यात तिच्या एका पायाने दाबलं आणि दुसऱ्याने सोडलं. आता तिला बोलवायचं तर मागून पळावं लागतं. हे पळता पळता फेरे मोजतात.

दांडा वाया गेला नाही. डोंबिवलीत कुठलीच काठी वाया जात नाही. गॅलरीतल्या वरच्या तारेवर कपडे वाळत घालायला तो फार सोयीचा आहे. पकड मऊ फोमची आहे, हाताला घट्टे पडत नाहीत.

परवा लिफ्टपाशी चौथ्या मजल्यावरची नवी सून भेटली. तिचा मुलगा सव्वादोन वर्षांचा. "काकू, तुमच्याकडे तिचाकीचा खूप अभ्यास झालाय म्हणे. कोणती घेऊ?"

मी म्हटलं, "पोराला वर बसव. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मग हँडल फिरवून बघ. चाक वळलं की घेऊन टाक."

"एवढंच?"

"एवढंच नाही," मागून ह्यांचा आवाज आला, आणि चष्मा काढल्याचाही. "१२ जून १८१७ रोजी जर्मनीत—"

"काका, लिफ्ट आली," ती म्हणाली आणि जिन्याने गेली.